भास्कराचार्य

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या बोरीखाली उभे राहून मुले दगड भिरकावतात. दगड वर चढतो, त्याचा वेग मंदावतो, क्षणभर तो थबकल्यासारखा होतो आणि खाली येतो. या नित्याच्या दृश्याचे कुणालाच नवल वाटत नाही. परंतु सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एका थोर गणित्याला त्यात साऱ्या पृथ्वीचे कोडे दिसले. ते म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड गावी ते राहत. पिता महेश्वर हे ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते. त्यांच्यापाशीच पुत्राचे अध्ययन झाले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. त्यातील ‘लीलावती’ फार लोकप्रिय झाली. पण पृथ्वीचा विचार आहे तो ‘गोलाध्याया’त.

पृथ्वी कशावर उभी आहे? कुणी शेष सांगत, कुणी कूर्म. भास्कराचार्यांनी विचारले, की मग त्या आधाराला आधार कोणाचा? त्यालाही दुसरा मानला, तर त्याचा शेवट कोठे? शेवटचा आधार स्वतःच्याच शक्तीने राहतो असे मानायचे, तर ती शक्ती प्रथम पृथ्वीच्याच अंगी का मानू नये? पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढून घेते, म्हणून त्या पडताना दिसतात. पण पृथ्वीभोवती सर्वत्र सारखेच आकाश असल्यामुळे ती स्वतः पडणार कोठे? आकर्षणाचा विचार त्यांच्यापूर्वी ब्रह्मगुप्तानेही मांडला होता. या ओढीचे गणिती माप मात्र न्यूटनने १६८७ मध्ये दिले.

पृथ्वी सतत खाली पडत आहे, असेही काही पंडित मानीत. तसे असते तर वर सोडलेला बाण पृथ्वीवर परतला नसता, हे भास्कराचार्यांचे उत्तर. बाण अधिक वेगाने पडून तिला गाठील म्हणावे, तर जड वस्तूच अधिक वेगाने पडते, असे ते समजत. येथे ते चुकले. हवेचा अडथळा नसेल तर जड व हलके सारख्याच वेगाने पडतात. तरीही उत्तर टिकते. कारण दोन्ही सारखेच पडत असते, तर वर फेकलेला बाण पृथ्वीपासून दूरच जात राहिला असता!

ग्रहांच्या गतीबद्दल तर त्यांची दृष्टी विलक्षण सूक्ष्म होती. यवतमाळहून मूर्तिजापूरला पूर्वी शकुंतला नावाची छोटी आगगाडी जात असे. एकूण अंतराला लागलेल्या वेळाने भागले, की तिची सरासरी गती मिळे. परंतु चढावर, उतारावर, स्थानकात शिरताना तिची त्या त्या क्षणाची गती निराळीच असे. ग्रहाची दिवसभराची गती आणि एका क्षणाची गती यांतील हाच भेद भास्कराचार्यांनी ओळखला व तिला तात्कालिक गती म्हटले. ग्रहण अचूक वर्तवायचे, तर चंद्राची दिवसाची गती पुरत नाही. त्या घटकेची लागते.

एकदा चाक फिरविले, की ते पाऱ्याच्या वजनाने आपोआप फिरत राहील, अशीही एक योजना त्यांनी लिहून ठेवली आहे. तसे चाक आजवर कुणाला साधले नाही, साधणारही नाही; घर्षण त्याला थांबवितेच.

एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. त्यांचे नातू चांगदेव यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांनी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. त्याला १२०७ मध्ये मिळालेल्या दानाचा शिलालेख तेथे कोरलेला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. लेख संस्कृतात आहे. पण मठाला कोणी काय द्यावे, हा शेवटचा भाग लोकांना कळावा असा मराठीत आहे.