वीणावादक इनायतखान

आमच्या छत्रपती संभाजीनगरापासून जवळच, खुलताबादेस, सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांची कबर आहे; त्यांचे गुरू निजामुद्दीन औलिया दिल्लीस विसावले आहेत. याच चिश्ती परंपरेतील एक गवई पुढे अमेरिकेच्या रंगभूमीवर जाऊन बसला. त्याचे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो.

इनायतखान यांचा जन्म ५ जुलै १८८२ रोजी बडोद्यास झाला. मातामह मौलाबक्ष हे सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयास असलेले नामांकित गायक. तेथील गायनशाळा त्यांनीच नावारूपास आणली. मराठ्यांचा दरबार व मुसलमान गवयाचे घर, अशा ठिकाणी नातू वीणा शिकला. पुढे हैदराबादेस सय्यद अबू हाशिम मदनी यांनी त्यास अनुग्रह दिला. आपले शहरही तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होते.

सप्टेंबर १९१० मध्ये बंधूंसह ते अमेरिकेस निघाले. विद्यापीठातील व्याख्यानाने पोट थोडेच भरते! १९११ मध्ये रूथ सेंट डेनिस या नर्तकीच्या साथीला बसून त्यांना गावोगाव हिंडावे लागले. या बाईंनी तोवर हिंदुस्थान पाहिलाही नव्हता. तरी हिंदी म्हणून त्या जी नृत्ये करीत, त्यांत गारुड्याचे नागनृत्यही असे. लोकांना हवे होते ते असलेच हिंदुस्थान. ज्या स्वरांना हे बंधू उपासना मानीत, ते तेथे केवळ नाचाची शोभा ठरले. उपासमारीपेक्षा हे दुःख मोठे, असे आम्हांस वाटते.

१९१३ मध्ये लंडनला ओरा रे बेकर या अमेरिकन तरुणीशी त्यांचा विवाह झाला. ती अमीना बेगम झाली. शिष्यांना मात्र मुसलमान होण्याची अट त्यांनी कधी घातली नाही. १९२१ पासून त्यांच्या उपासनेत गीता, बायबल व कुराण शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक धर्माच्या नावे दीप लावीत. असा सूफीपंथ इस्लाममध्ये बसतो काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही. आम्हां ख्रिस्ती लोकांपैकीही पुष्कळांस हे रुचणार नाही. परंतु या कार्यासाठी त्यांनी अखेर वीणाच खाली ठेवली, आणि कलावंताला याहून कठीण त्याग तो कोणता?

पॅरिसजवळ सुरेन येथे ते स्थायिक झाले. १९२६ मध्ये स्वदेशी परतले आणि ५ फेब्रुवारी १९२७ रोजी दिल्लीस वारले. निजामुद्दीनांच्या दर्ग्याजवळच त्यांची कबर आहे. कन्या नूर महायुद्धात इंग्रजांची गुप्त बिनतारी संदेशवाहक झाली. १९४४ मध्ये जर्मनांनी तिला डाखाऊच्या छावणीत ठार मारले.

परदेशी जाण्यापूर्वी, १९०९ मध्ये, इनायतखानांनी कलकत्त्यास काही ध्वनिमुद्रिका दिल्या होत्या. त्यांतील तरुण गळा आजही ऐकावयास मिळतो.