ब्रँच रिकी : पडत्या संघांची उभारणी करणारा पुरुष

एखाद्या गांवचा खेळाडूंचा संघ सारखा हरूं लागला म्हणजे त्या गांवांत दोन पक्ष उत्पन्न होतात. एक पक्ष म्हणतो, बाहेरून नांवाजलेले गडी आणा, लागेल तो पैसा ओता आणि ह्याच वर्षीं विजय मिळवा. दुसरा म्हणतो, जुने गडी काढा, पोरांस हातीं धरा आणि चार वर्षें दम खा. हा वाद कट्ट्यावर चालतो, आगगाडींत चालतो, आणि संघ पुन्हां हरला कीं अधिकच पेटतो. आमच्या विद्यार्थिवाचकांनीं शाळेच्या क्रिकेटच्या सामन्यांनंतर तो ऐकला असेलच. अमेरिकेंत, जेथें बेसबॉल हा राष्ट्रीय खेळ मानला जातो, तेथें ह्या वादांतील दुसरी बाजू एका मनुष्यानें जन्मभर आपल्या कृतीनें मांडली. त्याचें नांव वेस्ली ब्रँच रिकी. तो स्वतः मोठा खेळाडू नव्हता. परंतु त्यानें दोन पडत्या संघांचा पाया घातला, वयानें थकत चाललेल्या तिसऱ्या एका संघास नवें तारुण्य दिलें, आणि हें करीत असतां आपल्या देशांतील एका जुन्या अन्यायास हात घातला. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

रिकीचा जन्म ता. २० डिसेंबर १८८१ रोजीं ओहायो संस्थानांत एका शेतकरी कुटुंबांत झाला. घरची स्थिति बेताची. आईबाप मेथॉडिस्ट पंथाचे व धर्मनिष्ठ. खेड्यांतील शिक्षण संपल्यावर त्यानें खेड्यांतच मास्तरकी केली, फावल्या वेळीं आपल्या आपण लॅटिन भाषेचा अभ्यास केला, आणि पुढें ओहायो वेस्लियन विश्वविद्यालयांत प्रवेश मिळविला. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठीं तो पैसे घेऊन खेळे. रविवारीं खेळावयाचें नाहीं, असें वचन त्यानें आईस दिलें होतें. १९०४ सालीं सिनसिनाटी येथील मोठ्या संघानें त्याला घेतलें. परंतु हा मनुष्य रविवारीं मैदानावर येणार नाहीं असें कळतांच त्याला निरोप मिळाला. वचन राहिलें, नोकरी गेली.

ह्याच सुमाराची एक गोष्ट रिकी पुढें अनेकदां सांगत असे. विश्वविद्यालयाचा संघ त्याच्या देखरेखीखालीं इंडियाना संस्थानांतील साउथ बेंड ह्या गांवीं सामन्यास गेला होता. संघांत चार्ल्स थॉमस नांवाचा एक कृष्णवर्णी विद्यार्थी होता. हॉटेलवाल्यानें इतरांस जागा दिली आणि थॉमसला नाकारली. रिकीनें पुष्कळ वाद घातला, आणि अखेर आपल्याच खोलींत एक जादा खाट टाकवून त्याला ठेवून घेतलें. थोड्या वेळानें पाहतो तों थॉमस खाटेच्या कडेला बसून रडत आहे, आणि कातडीचा रंग निघून जावा अशा रीतीनें आपले हात एकमेकांवर घाशीत आहे. हा देखावा रिकीच्या मनांतून कधीं गेला नाहीं.

खेळाडू म्हणून रिकीस यश लाभलें नाहीं. बेसबॉलमध्येंही फलंदाजाच्या मागें, आपल्या विकेट-कीपरासारखा, चेंडू झेलणारा एक गडी असतो. प्रतिपक्षाचा धावणारा संधि साधून पुढच्या ठाण्याकडे पळाला कीं त्यानें चेंडू फेकून त्याला अडवावयाचें असतें. रिकी ह्या जागीं खेळे. १९०७ सालीं, हात दुखावलेला असतांना, एकाच सामन्यांत प्रतिपक्षानें त्याच्या डोळ्यांदेखत अशीं १३ ठाणीं चोरलीं! पुढें त्याला क्षयानें गांठलें. आरोग्यधामांत राहून तो बरा झाला, मिशिगन विश्वविद्यालयांतून १९११ सालीं कायद्याची पदवी घेतली, आणि आयडाहो संस्थानांत वकिली थाटली. तीही चालली नाहीं. १९१३ सालीं तो सेंट लुईस शहरीं ब्राउन्स ह्या संघाच्या कारभारांत शिरला, तेव्हां त्याची तिशी उलटली होती आणि पदरीं बहुतेक अपयशच होतें.

१९१७ सालीं रिकी त्याच शहरांतील कार्डिनल्स संघाकडे गेला. हा संघ कर्जांत बुडालेला होता, आणि नॅशनल लीगचें अजिंक्यपद त्याला एकदांही मिळालें नव्हतें. १९१९ सालीं इतर संघांप्रमाणें दक्षिणेच्या उबदार प्रदेशांत सरावास जाण्यापुरताही पैसा नव्हता. सराव गांवांतच उरकावा लागला. पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून रिकीनें आपल्या घरचा गालिचा आणून कचेरींत अंथरला होता, असें सांगतात. होतकरू पोर ओळखण्याची त्याची दृष्टि मोठी तीक्ष्ण होती. पण तीच त्याला नडे. लहान संघांतील एखाद्या पोराविषयीं त्यानें चौकशी केली कीं त्या संघाचा मालक श्रीमंत संघांस वर्दी देई, आणि ते चढी किंमत देऊन त्या पोरास उचलून नेत. पारख रिकीची, लाभ दुसऱ्याचा!

आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? रिकीनें स्वतःचा आड खणण्याचें ठरविलें. १९२० सालीं सॅम ब्रेडन ह्या मालकाच्या कारकीर्दींत कार्डिनल्सनीं आपलें जुनें मैदान सोडलें, आणि ते ब्राउन्सच्या मैदानावर भाडेकरी म्हणून खेळूं लागले. जुनी जागा विकून जो पैसा आला त्यांतून कर्ज फिटलें आणि लहान संघ विकत घेण्यास भांडवल मिळालें. त्या जुन्या जागेवर पुढें एक हायस्कूल उभें राहिलें, हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांस मौज वाटेल. रिकीची योजनाही एखाद्या शाळेसारखीच होती. निरनिराळ्या दर्जांचे संघ म्हणजे जणूं इयत्ता. खालच्या इयत्तेंत पुष्कळ पोरें भरावयाचीं, सर्वांस एकाच पद्धतीनें शिकवावयाचें, आणि जो तयार होईल त्याला वर चढवावयाचें. लोक ह्या पद्धतीस शेतीची उपमा देऊं लागले, आणि तेंच नांव रूढ झालें. १९४० च्या सुमारास अशा संघांची संख्या तीसच्या वर गेली होती.

पीक यावयास वेळ लागला. रिकी मैदानावरचें नेतृत्वही करीत होता. १९२५ सालीं ब्रेडननें तें त्याच्याकडून काढून घेऊन रॉजर्स हॉर्न्स्बी ह्या खेळाडूस दिलें. रिकी कचेरींतच राहिला. दुसऱ्याच वर्षीं, १९२६ सालीं, कार्डिनल्सनीं न्यूयॉर्कच्या बलाढ्य यँकीज संघाचा पराभव करून जागतिक अजिंक्यपद मिळविलें. १९३१, १९३४ आणि १९४२ सालींही तोच मान त्यांस मिळाला. डिझी डीन व स्टॅन म्यूझियल हे नामांकित खेळाडू ह्याच शेतांत तयार झाले.

परंतु आम्हांस ह्या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शेतांत पेरलेल्या दाण्यांस मन नसतें, पोरांस असतें. शेंकडों पोरें अल्प वेतनावर खालच्या संघांत खितपत पडत, आणि करारानें बांधलेलीं असल्यामुळें त्यांस दुसरीकडे जातां येत नसे. १९३८ सालीं बेसबॉलचे मुख्य अधिकारी न्यायाधीश लँडिस ह्यांनीं कार्डिनल्सच्या ताब्यांतील सत्तरांहून अधिक खेळाडूंस मुक्त केलें. वेतनाच्या बाबतींत रिकी अतिशय चिक्कू होता, आणि खेळाडू विकून येणाऱ्या पैशांत त्याचा स्वतःचाही हिस्सा असे. रविवारीं तो मैदानावर जात नसे, पण रविवारच्या सामन्यांचें उत्पन्न संघाच्या तिजोरींत येई, असा टोमणा त्याचे टीकाकार मारीत. तो टोमणा अगदींच निराधार नव्हता.

१९४२ च्या अखेरीस रिकी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन डॉजर्स ह्या संघाचा कारभारी झाला. संघ चांगला होता, पण गडी वयस्क होत चालले होते. महायुद्ध चालू होतें. तरुण पोरें सैन्यांत जात असल्यामुळें इतर संघांनीं पोरांचा शोध जवळजवळ थांबविला होता. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांपैकीं रिकी नव्हता. युद्ध आज ना उद्यां संपेल आणि पोरें परत येतील, असा हिशेब करून त्यानें शोध चालूच ठेवला.

ह्याखेरीज आणखी एक विहीर होती. तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. सुमारें साठ वर्षें एकाही कृष्णवर्णी मनुष्यास मोठ्या संघांत स्थान मिळालें नव्हतें. लेखी नियम कोठेंही नव्हता, पण बंदी कडक होती. ता. २८ ऑगस्ट १९४५ रोजीं रिकीनें कॅन्सस सिटी मोनार्क्स ह्या कृष्णवर्णीयांच्या संघांतील जॅकी रॉबिन्सन ह्या खेळाडूस आपल्या कचेरींत बोलाविलें. रॉबिन्सन सैन्यांत अधिकारी होता, मानी होता. सुमारें तीन तास रिकीनें त्याची परीक्षा घेतली. हॉटेलवाला, खेळाडू, प्रेक्षक त्याला कसकसे अपमानकारक बोलतील तें स्वतः नटासारखें करून दाखविलें, आणि कांहीं काळ उलट हात न उगारण्याचें वचन मागितलें. रॉबिन्सननें तें दिलें. १९४६ सालीं माँट्रियल येथें खेळून ता. १५ एप्रिल १९४७ रोजीं तो ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला. शिव्याशाप झाले, धमक्यांचीं पत्रें आलीं, कांहीं सहकाऱ्यांनींही हरकत घेतली. तो खेळत राहिला. त्या वर्षीं ब्रुकलिननें नॅशनल लीग जिंकली, आणि उत्कृष्ट नवोदित खेळाडूचा मान रॉबिन्सनला मिळाला.

रिकीनें हें न्यायासाठीं केलें कीं विजयासाठीं, असा प्रश्न लोक विचारतात. आमच्या मतें दोन्हींसाठीं. थॉमसचे हात तो विसरला नव्हता, आणि उत्तम खेळाडू कुंपणाबाहेर बसून आहेत हेंही त्याला दिसत होतें. मात्र मोनार्क्सच्या मालकांस त्यानें रॉबिन्सनबद्दल एक पैही दिली नाहीं, हेंही नमूद केलें पाहिजे. आणि धैर्याचा मोठा वांटा रॉबिन्सनचा होता. दार रिकीनें उघडलें; आंतला मारा दुसऱ्यानें सोसला.

१९५० च्या अखेरीस रिकी पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाकडे गेला. आरंभीं सांगितलेला वाद येथें सर्वांत कडवट झाला. १९५२ सालीं हा संघ १५४ पैकीं ११२ सामने हरला. प्रेक्षकांस एकच सुख होतें, तें म्हणजे रॅल्फ कायनर ह्या फलंदाजाचे उत्तुंग टोले. सात वर्षें नॅशनल लीगमध्यें सीमापार टोल्यांत त्याच्या पुढें कोणीही गेला नव्हता. रिकीचा सिद्धांत असा कीं गड्याची किंमत उतरण्यापूर्वींच त्याला द्यावा आणि बदल्यांत तरुण घ्यावे. जून १९५३ मध्यें त्यानें कायनरला शिकागोच्या संघास देऊन टाकलें. गांव खवळलें. १९५२ पासून १९५५ पर्यंत संघ लागोपाठ चार वर्षें तळाशीं राहिला, आणि विजय न पाहतांच रिकी त्या पदावरून दूर झाला.

परंतु तोंवर रोपें लागलीं होतीं. डिक ग्रोट, एलरॉय फेस आणि बिल मॅझरॉस्की हे रिकीच्याच कारकीर्दींत आले. पोर्टो रिको बेटाचा रोबेर्तो क्लेमेंते ह्याला तर ब्रुकलिनच्या हाताखालच्या संघांतून, तळच्या संघास मिळणाऱ्या प्रथम निवडीच्या हक्कानें, १९५४ सालीं उचललें. ता. १३ ऑक्टोबर १९६० रोजीं यँकीजविरुद्धच्या सातव्या व अखेरच्या सामन्यांत मॅझरॉस्कीनें शेवटच्या डावांत चेंडू भिंतीपार टोलविला, आणि ३५ वर्षांनीं पिट्सबर्ग जगज्जेतें झालें.

ह्यावरून दुसराच पक्ष खरा ठरला, असें कोणी म्हणेल. आम्ही इतक्या घाईनें निकाल देत नाहीं. १९५२ सालीं आपल्या मजुरींतून तिकीट काढून जो बाप मुलास घेऊन मैदानावर गेला, त्याला त्या दिवशीं पराभवच पाहावा लागला. १९६० पर्यंत तें मूल मोठें झालें होतें. उभारणीची किंमत उभारणारा एकटा देत नाहीं. वाट पाहणारेही देतात. म्हणून उभारणाऱ्यानें प्रामाणिकपणें काम करावें, आणि वाट पाहणाऱ्यांचा राग समजून घ्यावा.

ता. १३ नोव्हेंबर १९६५ रोजीं मिसूरी संस्थानांत एका सत्कारसमारंभांत भाषण करतां करतां रिकी कोसळला, आणि ता. ९ डिसेंबर रोजीं वयाच्या ८३ व्या वर्षीं त्याचा अंत झाला. १९६७ सालीं बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्याच्या नांवाची स्थापना झाली. पिट्सबर्गमध्यें त्यानें फलंदाजांच्या डोक्यावर घालावयास लावलेलें शिरस्त्राण आज प्रत्येक संघांत दिसतें, आणि पोरांस पायरीपायरीनें वर चढविण्याची त्याची रीत सर्व मोठ्या संघांनीं उचलली आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या संघांत, तुमच्या वर्गांत, तुमच्या गांवांत कांहीं मोडलें असेल, तर रिकीप्रमाणें आधीं मुळाकडे पाहा. आणि त्याहूनही आधीं हें पाहा, कीं खेळण्यास योग्य असा कोणी कुंपणाबाहेर उभा तर नाहीं ना.