वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर १८८२ – ८ एप्रिल १९५३) हे सोलापूर येथे जन्मलेले भारतीय उद्योगपती होते. बांधकाम, जहाजवाहतूक, साखर, विमाननिर्मिती, जहाजबांधणी आणि मोटारनिर्मिती या क्षेत्रांत त्यांनी आघाडीचे कार्य केले. त्यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची मोटार अनेक दशके मुंबईची ओळख होती. पुढे हाच मोटारउद्योग अस्तंगत झाला.

जन्म व प्रारंभिक जीवन

वालचंद यांचे घराणे मूळचे सौराष्ट्रातील असून व्यापारानिमित्त सोलापुरात स्थायिक झालेले दिगंबर जैन कुटुंब होते. वडील हिराचंद नेमचंद सावकारी व कापसाचा व्यापार करीत. सोलापुरातील शालेय शिक्षणानंतर वालचंद मुंबई व पुणे येथे महाविद्यालयात शिकले, परंतु पदवीपर्यंतचे शिक्षण त्यांनी पूर्ण केले नाही. घरच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकून राहिलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास सुरुवात केली. त्यांचे पहिले काम बार्शी लाइट रेल्वेचे होते. ही अरुंदमापी रेल्वे माढा तालुक्यातील कुर्डुवाडीहून निघत असे. अशा रीतीने त्यांच्या उद्योगजीवनाचा आरंभ जन्मजिल्ह्याच्या परिसरातच झाला. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे त्यांच्या कंपन्यांनी पार पाडली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचा पाया घातला गेला.

जहाज, साखर आणि विमान

१९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून स्पर्धा केली, तरी सिंदिया टिकली. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे त्यांनी माळरानावर ऊसशेती व साखर कारखाने उभारले. १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी सुरू झाली. युद्धकाळात सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली. १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. तेथे बांधलेल्या ‘जल उषा’ या जहाजाचे जलावतरण १९४८ मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले.

मोटारउद्योग

मोटार देशातच तयार व्हावी, हा वालचंद यांचा आग्रह होता. १९३९ पासून त्यांनी अमेरिकी कंपन्यांशी बोलणी केली आणि क्रायसलर ही कंपनी सहकार्यास तयार झाली. परंतु ब्रिटिश सरकारने युद्धाचे कारण पुढे करून योजनेस पाठबळ नाकारले. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात प्रारंभी डॉज व प्लीमथ मोटारी आणि फार्गो मालमोटारी तयार होत. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. वालचंद यांच्या निधनानंतर १९५४ मध्ये फियाट ११०० ही मोटार आली. तिचीच नंतरची आवृत्ती १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली.

ऱ्हासाची कारणे

परकीय स्पर्धेपासून मिळालेले संरक्षण हे या उद्योगाच्या वाढीचे कारण होते; तेच पुढे त्याच्या ऱ्हासाचेही एक कारण ठरले. आयातीवर निर्बंध असल्याने ग्राहकापुढे पर्याय मोजकेच होते आणि मोटारीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे. परवानापद्धतीमुळे उत्पादनवाढीवर मर्यादा होत्या व काही काळ किमतीही सरकारी नियंत्रणाखाली होत्या. त्यामुळे नव्या रचनेवर खर्च करण्याची निकड कंपनीस भासली नाही. १९६० च्या दशकातील मोटार किरकोळ बदलांसह शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० या हलक्या व कमी इंधन लागणाऱ्या मोटारीने बाजाराचे स्वरूप बदलले. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई ही मोटार आणली, पण तिला मर्यादित यश लाभले. १९९१ नंतरच्या उदारीकरणात कंपनीने फ्रान्सच्या पेजो व इटलीच्या फियाट या कंपन्यांशी भागीदारी केली. मात्र कामगारांशी झालेला संघर्ष आणि मागणीप्रमाणे मोटारी देण्यातील अपयश यांमुळे ग्राहकांचा विश्वास ढळला. पेजोने १९९७ मध्ये माघार घेतली, कुर्ल्याचा कारखाना फियाटच्या संयुक्त कंपनीकडे गेला आणि शतक संपता संपता पद्मिनीचे उत्पादन थांबले. नंतर कंपनीने लहान प्रमाणावर पुन्हा मोटारी आणल्या, परंतु गेलेले स्थान तिला मिळाले नाही. मुंबईतील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपुष्टात आली.

अखेरचा काळ व स्मारके

१९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यानंतर वालचंद यांनी १९५० मध्ये कामकाजातून निवृत्ती स्वीकारली. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सांगली व सोलापूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालये त्यांच्या नावाने ओळखली जातात. २००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांनी उभारलेला मोटारउद्योग टिकला नाही. परंतु बंगळूरचा विमान कारखाना आणि विशाखापट्टणमची जहाजगोदी हे त्यांचे प्रकल्प सार्वजनिक क्षेत्रात आजही कार्यरत आहेत.