गोखल्यांचा पुरावा

सार्वजनिक आयव्यय शिकविताना भिवंडीतील आमच्या वर्गात गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव दरवर्षी निघते. विद्यार्थ्यांना ते मवाळ पुढारी म्हणून ठाऊक असतात. एका चुकीतून घडलेले प्राध्यापक म्हणून नव्हे.

फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन करणारे गोखले १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले. हिंदुस्थानच्या खर्चाविषयीची त्यांची साक्ष भक्कम ठरली. त्याच वेळी पुण्यात प्लेगच्या घरझडत्या चालू होत्या. सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचे पुण्याच्या पत्रांतून त्यांना कळले, आणि त्यांनी ते मँचेस्टर गार्डियनला सांगितले. मुंबई सरकारने इन्कार केला. मायदेशी परतल्यावर पुरावा काही हाती लागेना. रँडच्या खुनानंतर धरपकडीचे दिवस होते, साक्षीला कोण उभे राहणार? गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भित्रे ठरविले.

ती माफी गरजेपेक्षा अधिक मोकळी होती, असे मला वाटते. झडत्यांतील जाच काही खोटा नव्हता. परंतु एक असिद्ध आरोप शंभर खऱ्या तक्रारींवर पाणी फिरवितो. १९७० व १९८४ च्या दंगलींत ऐकीव गोष्टींनी आगीत तेल कसे ओतले, हे पाहिलेल्या आमच्या गावाला ते निराळे सांगावयास नको.

पुढे गोखल्यांनी आपले हत्यारच बदलले. खजिन्यातील शिल्लक हा प्रजेच्या भरभराटीचा दाखला, असे सरकार सांगत होते. २६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोखल्यांनी सरकारचेच हिशेब पुढे मांडले. रुपया सुमारे तेरा पेन्सांपर्यंत घसरला, तेव्हा विलायतेतील देणी भागविण्यास अधिक रुपये लागत. म्हणून कर वाढविले गेले. पुढे रुपया सोळा पेन्सांवर आला, देण्यांचा बोजा हलका झाला, पण कर मात्र तसेच राहिले. उरलेली रक्कम ही गरिबाकडून घेतलेली जादा वसुली होती. कर्झनच्या राज्यात हे आकडे कोणास खोडता आले नाहीत, कारण ते गोखल्यांचे नव्हतेच.

मिठावरील कर १९०३ मध्ये मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर आणि १९०७ मध्ये एका रुपयावर. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले, तेव्हा त्यांना पन्नाशीही गाठता आली नव्हती.