जॉन ब्राउनिंग आणि एकावर एक दोन नळ्या

नेमबाजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रायफल आणि कागदावरचा काळा ठिपका येतो. ट्रॅपचा प्रकार वेगळाच. समोरच्या यंत्रातून ११० मिलिमीटर व्यासाची तबकडी सुसाट निघते, कुठल्या कोनात ते आधी ठाऊक नसतं, आणि ती दोन बारांत फोडायची असते. २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्यपदक मिळवलं ते याच कुळातल्या डबल ट्रॅपमध्ये. या खेळातली बंदूक नीट बघा. तिच्या दोन नळ्या शेजारी-शेजारी नसतात, एकावर एक असतात. ही रचना साध्या नेमबाजाच्या हातात आणून देण्याचं मोठं श्रेय जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकन माणसाला जातं.

ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, यूटामधल्या ऑग्डेन गावचा. वडील बंदुका बनवायचे. पोरगा त्यांच्या वर्कशॉपमधल्या भंगारातच वाढला. कॉलेजचं तोंड त्याने कधी पाहिलं नाही. कागदावर ड्रॉइंग काढण्याऐवजी तो सरळ धातूचा नमुनाच घडवायला घ्यायचा. (सबमिशनच्या शीट्स घेऊन बसलेल्यांनी हे वाक्य मनावर घेऊ नये!) १८७९ मध्ये पहिलं पेटंट मिळालं. आयुष्यभरात ही संख्या १२८ वर गेली. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचा माणूस थेट ऑग्डेनला आला आणि त्याच्या रायफलचे हक्क विकत घेऊन गेला. पुढे जवळजवळ वीस वर्षं हा डिझाइन करायचा आणि विंचेस्टर ठोक रकमेला विकत घ्यायची.

ब्राउनिंग स्वतः उत्तम ट्रॅप-नेमबाज होता, हे फार जणांना माहीत नसतं. ऑग्डेनच्या चौघांची टीम होती. चौघांचीही आडनावं बी वरून सुरू व्हायची, म्हणून नाव पडलं फोर बीज. १८८९ च्या सुमाराला अशाच एका नेमबाजीत त्याने पाहिलं, की बार सुटला की नळीपुढचं गवत वाकतं. आपल्यासारख्याने पाहून सोडून दिलं असतं. याच्या डोक्यात आलं, एवढी ताकद वाया का जातेय? तिथून त्याच्या स्वयंचलित बंदुका सुरू झाल्या.

त्याने आपोआप भरणारी शॉटगन केली आणि विंचेस्टरकडे ठोक रकमेऐवजी प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी मागितली. कंपनी नाही म्हणाली. हाही हटला नाही. जानेवारी १९०२ मध्ये तो रेमिंग्टनच्या अध्यक्षांना भेटायला गेला, तर भेट होण्याआधीच अध्यक्ष हृदयविकाराने गेले! मग बंदूक घेऊन ब्राउनिंग बोटीने बेल्जियमला, एफएन कारखान्यात. त्यांनी ती घेतली आणि ती ऑटो-५ नावाने जवळजवळ शतकभर बनत राहिली. माझ्या मते त्याच्या सगळ्या पेटंटांइतकाच हा नकार मोठा. आपल्या कामाची किंमत दुसऱ्याने ठरवायची, हे त्याने मान्य केलं नाही.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९१४ मध्ये साराजेव्होला ज्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या, ते त्याच्याच डिझाइनचं होतं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला आणि दुसऱ्यात त्याच्या मशीनगन धडधडल्या. असा माणूस म्हातारपणी कशावर बसला होता? साध्या, हाताने उघडायच्या दोननळीवर.

पण ती साधी नव्हती. नळ्या शेजारी-शेजारी असल्या की धक्का मधल्या रेषेच्या एका बाजूला बसतो, बंदूक कडेला ढकलली जाते. शिवाय डोळ्यासमोर दोन नळ्यांची रुंदी येते. एकावर एक ठेवल्या की डोळ्याला एकच अरुंद पट्टी दिसते. खालची नळी खांद्याच्या रेषेला जवळ, म्हणून पहिला बार तिचा काढला तर तोंड कमी उचलतं आणि दुसरा बार लवकर साधतो. दोन्ही नळ्यांच्या टोकाचा चोक वेगळा ठेवता येतो. चोक म्हणजे तोंडाशी जेमतेम एखाद्या मिलिमीटरपर्यंतचं आकुंचन. तबकडी दूर गेलेली असते, म्हणून दुसऱ्या बाराला जास्त चोक, म्हणजे छर्रे कमी पसरतात.

इंग्लंडमध्ये अशा बंदुका आधीही होत्या, पण हाताने घडवलेल्या, श्रीमंतांच्या. ब्राउनिंगने तीच गोष्ट कारखान्यात बनेल अशी आखली. नळ्यांखाली आरपार जाणारी जाड बिजागरी-पिन, आणि खालूनच बसणारा सपाट बोल्ट. भक्कम काम! फक्त त्यामुळे बंदुकीचा मधला सांगाडा उंच होतो. पुढे इटालियन मंडळींनी पिन काढून नळ्यांच्या दोन बाजूंना छोट्या खुंट्या दिल्या आणि उंची कमी केली.

या सुपरपोज्ड बंदुकीचं पेटंट १९२६ मध्ये मिळालं. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला, बेल्जियममधल्या एफएनच्या कारखान्यात, मुलगा व्हॅल याच्या ऑफिसात ब्राउनिंगचं हृदय थांबलं. वय ७१. बंदूक बाजारात यायची होती. ती व्हॅलने १९३१ च्या सुमाराला आणली, तेव्हा तिला दोन नळ्यांसाठी दोन चाप होते. नेमबाजाला मधेच बोट हलवावं लागायचं. व्हॅल त्यावर काम करत राहिला आणि १९३९ पर्यंत एकाच चापाने दोन्ही बार सुटू लागले, कुठला आधी ते निवडायची सोयही त्यात होती.