सागरतीरांचा चित्रयात्री : कावासे हासुई

लाकडी ठशांवरून कागदावर रंगीत चित्रे छापण्याची जपानी कला होकुसाई आणि हिरोशिगे यांच्यामुळे जगाला परिचित आहे. विसाव्या शतकात या मावळत्या परंपरेस नवे तेज देणाऱ्यांत कावासे हासुई यांचे नाव अग्रगण्य ठरते.

टोकियोत १८८३ साली जन्मलेल्या हासुईंना बालपणापासून चित्रकलेची ओढ होती. परंतु रेशमी गोफ व दोरे विकण्याच्या घरच्या व्यवसायाची धुरा त्यांच्या खांद्यावर आली. तो व्यवसाय बुडाला, तेव्हा त्यांनी पंचविशी ओलांडली होती. नामवंत चित्रकार काबुराकी कियोकाता यांनी, वय उलटून गेले म्हणून, त्यांना शिष्य करून घेण्यास नकार दिला. हासुई पाश्चात्त्य चित्रपद्धती शिकले आणि पुन्हा त्याच दारी गेले. या वेळी गुरूंनी त्यांना स्वीकारले. हासुई हे नावही दिले.

१९१८ साली ते प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांच्याकडे आले. चित्रकाराने रेखाटावे, कोरीवकाराने चेरीच्या फळीवर कोरावे, छपाईकाराने एकेक रंग चढवावा, अशी ही सामूहिक कला आहे. सागराची निळाई क्षितिजाकडे फिकट होत जाते, ती किमया ओलसर फळीवरील रंग हलक्या हाताने विरळ करून साधते. मात्सुशिमाची बेटे, होड्या, चांदण्यातील किनारे हासुईंनी अशा रीतीने साकारले.

१ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या महाभूकंपानंतर आग भडकली. तीत हासुईंचे घर आणि १८८ चित्रवह्या भस्मसात झाल्या. वातानाबेंच्या कार्यशाळेतील ठसेही जळाले. वयाच्या चाळिसाव्या वर्षी पूर्वायुष्यातील सारी भ्रमंती अशी राख झाली. वातानाबेंच्या प्रोत्साहनाने ते कोरी वही घेऊन निघाले आणि शंभराहून अधिक दिवस हिंडले. इझुमोच्या सागरतीरासारखी दृश्ये या प्रवासातूनच त्यांच्या मुद्राचित्रांत उतरली. १९२५ सालचे, बर्फात न्हालेल्या झोजोजी मंदिराचे त्यांचे चित्र तर जगन्मान्य झाले.

१९५७ साली ते निवर्तले, तेव्हा सुमारे सहाशे मुद्राचित्रे त्यांच्या नावे होती आणि अखेरच्या चित्राची छपाई अपुरी होती. सहकाऱ्यांनी ती पूर्ण केली.

नकारानंतर पुन्हा दार ठोठावणे आणि सर्वनाशानंतर नवी वही उघडणे, हा हासुईंच्या जीवनाचा पाठ आहे. आपल्या मुलांनी तो गिरवावा, असे वाटते.