श्रीगोंदवलेकर महाराजांचा गुरुशोध

सातारा जिल्ह्याच्या पूर्वभागी माण तालुका आहे. पाऊस बेताचा, माती हलकी आणि दुष्काळाची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची. या तालुक्यातील गोंदवले गावी कुलकर्णीपण सांभाळणारे घुगरदरे यांचे घराणे होते. आजोबा लिंगोपंत हे पंढरीचे निष्ठावंत वारकरी. त्यांच्या नातवाचा जन्म १८४५ साली माघ शुद्ध द्वादशीस झाला. त्याचे नाव गणपती. हेच पुढे श्रीब्रह्मचैतन्य महाराज म्हणून विख्यात झाले.

बालवयातच गणपतीच्या मनाने गुरूचा ध्यास घेतला. तो एकदा सवंगड्यांसह घरातून निघून गेला; वडील रावजीपंतांनी शोध करून त्यास परत आणले. मुलगा संसारात रमेल या आशेने त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच त्याचे लग्न लावून दिले. तरीही तो पुन्हा निघाला, आणि या खेपेस एकटाच. मागे माता गीताबाई व बालवधू सरस्वती यांनी वाट पाहत किती दिवस काढले असतील, याचा विचार आपण चरित्र वाचताना सहसा करीत नाही. तो करावयास हवा, असे मला वाटते.

या भ्रमंतीत अक्कलकोटचे स्वामी समर्थ, हुमणाबादचे माणिकप्रभू अशा थोर विभूतींचे दर्शन त्यास घडल्याचे चरित्रकार सांगतात. आशीर्वाद सर्वत्र लाभला, परंतु तुझे स्थान येथे नव्हे असाच संकेत मिळत गेला. अखेर त्याची पावले मराठवाड्यातील येहळेगावी वळली. तेथे उमरखेडच्या चिन्मयानंदांचे शिष्य श्रीतुकामाई राहत. त्यांचे वागणे असे विलक्षण की, लोक त्यांस वेडे समजत.

तुकामाईंनी या तरुणास जवळ घेतले, परंतु कुरवाळले नाही. सुमारे नऊ महिने त्याची कसोटी चालली होती. उपास पडले, ऊन सोसावे लागले, मारही खावा लागला. सांगितलेले काम केल्यावर त्याचाच दोष पदरी यावयाचा. कोणीही पाठ फिरवावी असेच ते दिवस होते; शिष्य मात्र उंबरठा सोडीना. शेवटी गुरूंनी त्याच्या मस्तकी हात ठेवला, रामनामाचा अनुग्रह दिला आणि ब्रह्मचैतन्य हे नाव ठेवले.

आता हा शिष्य हिमालयात जाईल, संन्यास घेईल, असे कोणासही वाटले असते. गुरूंची आज्ञा निराळीच होती. प्रपंचात राहावे आणि प्रपंची जनांस रामनामास लावावे, हे कार्य त्यांनी नेमून दिले. जे घर टाकून मुलगा गुरूच्या शोधात निघाला होता, त्याच घरी गुरूने त्यास परत धाडले!

कित्येक वर्षांनी गोसाव्याच्या वेषातील तरुण गोंदवल्यास आला. मातेची आणि पत्नीची प्रतीक्षा संपली. महाराजांनी संसार मांडला. पुढे सरस्वतीबाई निवर्तल्या. आप्तांनी दुसऱ्या विवाहाचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी आटपाडीच्या एका अंध मुलीचे पाणिग्रहण केले. पुढे भक्तमंडळी त्यांस आईसाहेब म्हणू लागली. महाराजांविषयी अनेक चमत्कार सांगितले जातात. माझ्या मनास या विवाहाचे मोल त्या सर्वांहून अधिक वाटते.

१८७६च्या भीषण दुष्काळात लोक अन्नान्न झाले असता महाराजांनी आपल्या शेतात कामे काढली. आलेल्यास काम आणि काम करणाऱ्यास भाकरी, अशी व्यवस्था ठेवली. त्यामुळे कष्टकऱ्याची मान ताठ राहिली. गावात थोरले व धाकटे अशी दोन राममंदिरे उभी राहिली. इंदूरकडे त्यांचे वारंवार जाणे होई. तेथेच अनंतशास्त्री गाडगोळी हे कर्नाटकातील विद्वान त्यांच्या चरणी आले. तेच पुढे ब्रह्मानंद महाराज झाले आणि गदगजवळील बेलधडी येथील राममंदिरातून त्यांनी कन्नड मुलखात नामाचा प्रसार केला.

२२ डिसेंबर १९१३ रोजी, मार्गशीर्ष वद्य दशमीस, महाराजांनी गोंदवल्यातच देह ठेवला. गाईंवर त्यांचे अपार प्रेम होते. समाधीवरच्या मंदिरात गोपाळकृष्णाची मूर्ती आहे. आजही तेथे येणाऱ्या प्रत्येकास पंगतीत बसवून प्रसादाचे जेवण वाढले जाते.